नमाजमुळे पोरगं सुधारतं का? : विषयापासून संशोधन-प्रश्नापर्यंत



पेट पास झाली, गाईड मिळाले, आता आरआरसीपुढे विषय मांडायचाय. या टप्प्यावर बहुतेकांच्या हातातल्या कागदावर विषय असतो, पण प्रश्न नसतो. आज असाच एक विषय घेऊ आणि त्याचा प्रश्न कसा करायचा ते बघू. विषय आहे : ‘इस्लामी प्रार्थनेद्वारे बालगुन्हेगारांचे पुनर्वसन : एक अभ्यास’.

विषय काही परका नाही. आमच्या दुसरबीडसारख्या गावात पोरगं वाया चाललं की दोन सल्ले ठरलेले असतात. कामाला लावा, नाहीतर देवाधर्माला लावा. हिंदू घरात म्हणतात, गळ्यात माळ घाला, दारू-मटण सुटेल. मुस्लिम घरात म्हणतात, मशिदीत पाठवा, नमाजला लावा. म्हणजे गृहीतक गावात आधीच तयार आहे. ते तपासायचं कसं, हे आपलं काम.

मी मूळचा विज्ञान शाखेचा, त्यामुळे सुरुवात शब्दांच्या व्याख्येपासून करतो.

आधी शब्द साफ करा

‘बालगुन्हेगार’ हा शब्द बोलण्यात आहे, पण कायद्यात नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये शब्द आहे ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे १८ वर्षांखालचं असं मूल, ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे किंवा ज्याने गुन्हा केल्याचं सिद्ध झालंय. यातला ‘किंवा’ फार महत्त्वाचा. निरीक्षणगृहात चौकशी चालू असलेली मुलं असतात. मंडळाच्या अंतिम आदेशानंतर ज्यांना ठेवायचं, ती विशेष गृहात जातात. तुमचा नमुना निरीक्षणगृहातला असेल, तर त्यातल्या काही मुलांनी काहीच केलेलं नसेल. मग त्यांना ‘सुधारायचं’ म्हणजे नेमकं काय?

‘पुनर्वसन’ हाही असाच ढगळ शब्द. पुन्हा गुन्हा न करणं, शाळेत परत जाणं, काम टिकवणं, घरच्यांनी परत स्वीकारणं, नशा सुटणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एक साधली म्हणून दुसरी साधतेच असं नाही.

आणि ‘प्रार्थना’? इस्लाममध्ये नमाज वेगळी आणि दुआ वेगळी. नमाजला ठरलेली वेळ, ठरलेली हालचाल, ठरलेलं पठण. दुआ म्हणजे आपल्या शब्दांत मागणं. तुम्ही कशाचा अभ्यास करताय ते पहिल्याच पानावर लिहा.

नमाजमध्ये नेमकं काय असतं?

औषधाच्या गोळीत एक सक्रिय घटक असतो, बाकी भुकटी असते. नमाजकडे तसं बघितलं तर घटक बरेच निघतात.

पहिला घटक वेळ. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा अशा दिवसाच्या पाच वेळा. ज्या मुलाच्या दिवसाला उठण्या-झोपण्याचा नेम नव्हता, त्याचा दिवस पाच ठिकाणी बांधला जातो. फजरसाठी पहाटे उठायचं तर रात्री वेळेवर झोपावं लागतं. दुसरा घटक शरीर. वजू करून हात-पाय-तोंड धुणं, उभं राहणं, झुकणं, सजदा. पाच वेळच्या फर्ज रकाती मोजल्या तर दिवसाला १७ होतात. तिसरा घटक माणसं. एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहणं, इमामाशी ओळख, शुक्रवारची गर्दी. चौथा घटक अर्थ. तौबा म्हणजे चूक कबूल करून मागे फिरणं. ‘मी वाईट आहे’ या जागी ‘मी वाईट केलं, पण परतीचा रस्ता आहे’ हे मुलाला म्हणता येणं.

आता संशोधकाचा प्रश्न येतो. फरक पडलाच, तर यातल्या कशामुळे? फक्त वेळेच्या शिस्तीमुळे पडला असेल तर तोच फरक कबड्डीच्या रोजच्या सरावानेही पडेल. रांगेतल्या माणसांमुळे पडला असेल, तर एकट्याने कोपऱ्यात पढलेल्या नमाजचा परिणाम कमी दिसायला हवा. कुराणात, सूरह अल-अनकबूतच्या ४५ व्या आयतीत, नमाज माणसाला दुष्कृत्यापासून रोखते असा आशय आहे. श्रद्धावंतासाठी तेवढं पुरेसं आहे. आपण मात्र कोणता धागा कशाला जोडलाय ते बघायला बसलोय.

एक माणूस म्हणजे पुरावा नाही, पण सुरुवात आहे

या विषयावर बोलताना माल्कम एक्सचं नाव निघतंच. १९४६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी घरफोडीच्या गुन्ह्यात तो अमेरिकेत तुरुंगात गेला, १९५२ मध्ये बाहेर आला तो ‘नेशन ऑफ इस्लाम’चा कार्यकर्ता होऊन. पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

पण त्याची तुरुंगातली वर्षं नीट बघा. भावंडांची पत्रं येत होती, नव्या वाटेकडे त्याला वळवलं ते त्यांनीच. नॉरफोकच्या तुरुंगात मोठं ग्रंथालय होतं, तिथे त्याने शब्दकोश उतरवून काढला आणि पुस्तकांचा फडशा पाडला. वादविवादाच्या सभांत तो बोलायला शिकला. म्हणजे प्रार्थना, कुटुंब, वाचन आणि वय, चारही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. यातलं श्रेय कुणाचं, हे एका आयुष्यातून काढता येत नाही. एकाच माणसाची कथा गृहीतक देते. ते तपासायला तुलना लागते.

तुलना कुणाशी?

शेताचं उदाहरण घेतो. यंदा सोयाबीनवर एक नवं टॉनिक मारलं आणि एकरी उतारा वाढला. दुकानदार म्हणेल, टॉनिकचा गुण. पण शेजाऱ्याने काहीच मारलं नाही, त्याचाही उतारा वाढला, कारण पाऊस वेळेवर झाला. बिनफवारणीचा पट्टा सोडला नसेल तर टॉनिकबद्दल काहीच बोलता येत नाही. हाच आपला नियंत्रण गट.

मुलांच्या बाबतीत हा ‘पाऊस’ म्हणजे वय. गुन्ह्यांचं प्रमाण किशोरवयात चढतं आणि विशीत उतरायला लागतं, हे गुन्हेशास्त्रातलं फार जुनं निरीक्षण. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की बहुतेक मुलांचं गैरवर्तन किशोरवयापुरतंच असतं, आयुष्यभर चालू ठेवणारे थोडे. म्हणजे १६ व्या वर्षी आलेला मुलगा २० व्या वर्षी शांत झाला, तर त्यात वयाचा वाटा मोठा असू शकतो. तो नमाज पढत होता, भजन करत होता की नुसता बसून होता, हे त्यानंतरचे प्रश्न. तुलना गट नसेल तर कुठलाही कार्यक्रम यशस्वीच दिसतो.

टेक्सासचा हिशेब : पेन घेऊन बसा

आता या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. उदाहरण ख्रिस्ती प्रार्थनेचं आणि प्रौढ कैद्यांचं आहे, पण धडा आपल्या विषयाला जसाच्या तसा लागू होतो.

१९९७ मध्ये टेक्सासच्या एका तुरुंगात ‘इनरचेंज फ्रीडम इनिशिएटिव्ह’ नावाचा धर्माधारित कार्यक्रम सुरू झाला. बायबल अभ्यास, प्रार्थना, मार्गदर्शक, सुटल्यानंतर चर्चची साथ. २००३ मध्ये बायरन जॉन्सन आणि डेव्हिड लार्सन यांचा मूल्यमापन अहवाल आला. सुटकेनंतरच्या दोन वर्षांत कार्यक्रम ‘पूर्ण केलेल्या’ ७५ जणांपैकी ८ टक्केच पुन्हा तुरुंगात गेले. कार्यक्रमात नसलेल्या, पण तशाच पार्श्वभूमीच्या कैद्यांत हे प्रमाण २०.३ टक्के होतं. कौतुक झालं.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. कार्यक्रमात एकूण १७७ जण शिरले होते. त्या सगळ्यांना मोजलं तर पुन्हा तुरुंगात गेले २४.३ टक्के, म्हणजे तुलना गटापेक्षा थोडे जास्तच. प्राध्यापक मार्क क्लाइमन यांनी याच आकड्यावर बोट ठेवलं.

हिशेब करा. ७५ चे ८ टक्के म्हणजे ६. १७७ चे २४.३ टक्के म्हणजे ४३. म्हणजे कार्यक्रम पूर्ण न केलेल्या १०२ पैकी ३७ जण परत आत गेले, जवळजवळ ३६ टक्के. आणि ‘पूर्ण केलं’ कुणाला म्हणायचं याची एक अट होती : सुटल्यानंतर काही काळ नोकरी टिकवलेली असावी. ज्याची नोकरी टिकली तो परत तुरुंगात जाण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणजे यश मोजायच्या आधीच यशस्वी लोक वेचले गेले.

पुन्हा सोयाबीनवर या. १०० दाणे पेरले, ४० उगवले. त्या ४० झाडांच्या शेंगा मोजून ‘हे बियाणं भारी’ म्हटलं तर शेतकरी हसेल. तो विचारेल, बाकीच्या ६० चं काय झालं? संशोधनात हाच नियम आहे : जितके सुरुवातीला घेतले तितके शेवटी मोजायचे, मधेच सोडून गेलेल्यांसकट. कार्यक्रमाने नुकसान केलं असं २४.३ विरुद्ध २०.३ वरून सिद्ध होत नाही, फरक लहान आहे. पण फायदा झाला असंही सिद्ध होत नाही.

आता आपल्या विषयात हे बसवा. विशेष गृहातली ‘नियमित नमाज पढणारी’ मुलं आणि ‘न पढणारी’ मुलं यांची तुलना करायची, असा आराखडा बहुतेक जण आणतात. पण पहाटे उठून नियमित काहीही करू शकणारा मुलगा आधीच वेगळा असतो. तुम्ही नमाज मोजताय की चिकाटी?

‘मला फायदा झाला’ हे उत्तर

दुसरा मार्ग म्हणजे मुलांनाच विचारायचं. विचारावंच. पण त्यावर किती विसंबायचं, यासाठी एक जुना अभ्यास लक्षात ठेवा.

बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरविल या गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतला एक नाणं उडवून कार्यक्रमात घेतला. त्याला घरी येणारा समुपदेशक, अभ्यासात मदत, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं मिळाली. दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना शोधून काढलं. १९७८ मध्ये निष्कर्ष छापून आले. कार्यक्रमातल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश म्हणत होते की आम्हाला फायदा झाला. नोंदी मात्र सांगत होत्या की गुन्ह्यांत फरक नाही, आणि व्यसन, आजारपण अशा काही बाबतींत मदत मिळालेलेच जास्त वाईट स्थितीत होते.

हेतू चांगला, माणसं चांगली, लाभार्थी समाधानी, तरीही नुकसान. म्हणून ‘प्रार्थनाच तर आहे, नुकसान काय होणार?’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. तपासल्याशिवाय ते कुणालाच माहीत नसतं.

दुसऱ्या बाजूचं पारडंही रिकामं नाही. बायर आणि राइट यांनी २००१ मध्ये ६० अभ्यास एकत्र करून बघितले. धार्मिकतेचा गुन्ह्यावर मध्यम स्वरूपाचा रोखणारा परिणाम त्यांना दिसला. पण असले अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य, ख्रिस्तीबहुल समाजातले. तो आकडा उचलून बुलढाण्याच्या मुस्लिम मुलावर लावता येत नाही.

मोजपट्टीच वाकडी असेल तर?

समजा तुम्ही ठरवलं की ‘पुन्हा अटक’ हेच मोजमाप. मग महाराष्ट्रापुरता एक अभ्यास वाचलाच पाहिजे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी राज्यातल्या तुरुंगांतल्या तीनशेहून अधिक मुस्लिम कैद्यांशी बोलून त्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती आणि पुनर्वसनाच्या गरजा तपासल्या. २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यावर लेख आला. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के आहेत, तुरुंगातला वाटा त्याहून बराच जास्त, हा त्यांचा मुद्दा. त्या कैद्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. गरिबी, अपुरं शिक्षण, वकिलाची गरज आणि सुटल्यानंतर रोजगाराचा प्रश्न अभ्यासात ठळकपणे येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अटक ही मुलाच्या वागण्याइतकीच पोलिसांच्या नजरेवरही अवलंबून असते. एखाद्या वस्तीत संशयावरून उचलण्याचं प्रमाण जास्त असेल, तर सुधारलेला मुलगाही ‘पुन्हा अटक’ या रकान्यात जाईल आणि तुमच्या तक्त्यात नमाज नापास होईल. दुसरी, पोरगं ज्या घरी परत जाणार त्या घरी काम आहे का, वकील आहे का, हे चल तुम्ही मोजलेच नाहीत तर सगळा भार प्रार्थनेवर टाकल्यासारखं होतं. श्रेय दिलं तरी चूक, दोष दिला तरी चूक.

हक्क वेगळा, उपचार वेगळा

मला या विषयात सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

बंदिस्त मुलाला नमाज पढू देणं हा त्याचा हक्क आहे. रमजानमध्ये तुरुंगांत रोजा ठेवणाऱ्यांच्या सहेरी-इफ्तारच्या वेळा सांभाळतात, त्यासाठी रोज्याने गुन्हे कमी होतात का असा पुरावा कुणी मागत नाही. मागूही नये. पण ‘नमाज हा पुनर्वसनाचा कार्यक्रम आहे’ असं म्हटलं की तो उपचार झाला. उपचार म्हटला की हजेरी आली, अहवाल आला आणि ‘प्रतिसाद न देणारा मुलगा’ हा शेराही आला.

कल्पना करा, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात ‘नियमित नमाज पढतो’ ही चांगल्या वर्तणुकीची खूण ठरली. तर जो मुलगा पढत नाही त्याची सुटका लांबणार का? आणि पढणारा मनापासून पढतो की सुटकेसाठी? इस्लामी परंपरेत यासाठी नेमका शब्द आहे, ‘रिया’, म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेली इबादत, आणि ती दोष मानली जाते. नमाजचा पाया नीयत आहे, आणि नीयत हजेरीपटावर उतरत नाही. म्हणजे सक्तीने संशोधन तर बिघडतंच, नमाजही बिघडते.

नियमही तेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांत बंदिस्त मुलाला आपला धर्म पाळण्याचा हक्क दिलाय आणि त्याच नियमात धार्मिक उपासनेत भाग न घेण्याचाही हक्क दिलाय. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम शिक्षणसंस्थांपुरतं आहे, पण तत्त्व तेच : सरकारी मदतीच्या संस्थेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना लादायची नाही. दुसरीकडे बाल न्यायाच्या २०१६ च्या आदर्श नियमांत संस्थेच्या दिनक्रमात प्रार्थना आणि समूहगायन आहेच. ती प्रार्थना कोणाची, हे प्रत्येक संस्थेत जाऊन बघण्यासारखं आहे. हा स्वतंत्र संशोधन-प्रश्न होऊ शकतो.

आणि मोजपट्टी सगळ्यांना एकच हवी. तुरुंगातली विपश्यना आपल्याला जवळची, इगतपुरी आपल्याच राज्यातली. १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात शिबिर झालं, १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारावर कैदी एकत्र बसले. पुढे अमेरिकेत सिएटलच्या एका बंदिगृहातला अभ्यास २००६ मध्ये आला, त्यात विपश्यना केलेल्यांचं नशेचं प्रमाण सुटकेनंतर तीन महिन्यांनी कमी दिसलं. पण शिबिरात बसणारे स्वेच्छेने आले होते, म्हणजे टेक्सासचा प्रश्न इथेही आहेच. नमाजला जो प्रश्न विचाराल तोच विपश्यनेला, भजनाला आणि योगालाही विचारा. नाहीतर ते संशोधन राहणार नाही, पक्षपात होईल.

मग प्रश्न कसा लिहायचा?

‘नमाजमुळे मुलं सुधारतात का?’ हे खोडा. त्याऐवजी असं काहीतरी :

‘विशेष गृहात स्वेच्छेने सामूहिक नमाजला जाणाऱ्या मुलांना दिनक्रम, माणसांशी नातं आणि स्वतःबद्दलची समजूत यांत काय बदल जाणवतो, आणि सुटकेनंतर एक वर्षाने त्यातलं काय टिकतं?’

हा प्रश्न लहान आहे, पण उत्तर मिळण्यासारखा आहे. त्यात ‘स्वेच्छेने’ आहे, घटक वेगळे केलेत, कालावधी ठरलाय. मुलाखती आणि निरीक्षण यांवर तो उभा राहतो. परिणामाचा दावा त्यात नाही, म्हणून नियंत्रण गटाशिवायही तो प्रामाणिक राहतो. जोडीला त्याच गृहातल्या, नमाजला न जाणाऱ्या आणि इतर धर्मांच्या मुलांशीही बोला. सुरुवातीला घेतलेल्या प्रत्येक मुलाचा शेवटी हिशेब द्या. जो सापडला नाही तो ‘सापडला नाही’ म्हणून लिहा, गाळू नका.

परवानग्यांना वेळ लागतो, आत्तापासून लागा. महिला व बाल विकास विभाग, बाल न्याय मंडळ, विद्यापीठाची नैतिकता समिती. पालकांची संमती आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. ‘नाही’ म्हटल्याने तुझ्या केसवर काही परिणाम होणार नाही, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगा, उर्दू तर उर्दूत. २०१५ च्या कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव बदललं म्हणून भागत नाही. छोट्या तालुक्यात ‘अमुक गावचा, अमुक गुन्ह्यातला, १६ वर्षांचा’ एवढं लिहिलं तरी अख्खं गाव ओळखतं. गाव, गुन्हा आणि वय एका ओळीत येऊ देऊ नका.

तो मुलगा उद्या गावी परतणार आहे. कायद्याला त्याची नवी सुरुवात अपेक्षित आहे. तुमच्या प्रबंधातल्या एका ओळीने त्यात अडथळा येणार असेल तर ती ओळ कितीही चांगली असो, काढून टाका.

आता तुमच्या विषयाचा कागद घ्या आणि त्याखाली तीन ओळी लिहा : तुलना कुणाशी, मोजणार काय, आणि मधेच गळालेल्यांचं काय करणार. या तीन ओळी लिहिता आल्या की आरआरसीच्या टेबलासमोर बसायला हरकत नाही.